बंद गाडीला मदत करायची, तर पहिले काम वळणामागे असते

पावसाळा सुरू झाला की गोव्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी पुन्हा पुन्हा येते: रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रकवर मागून दुचाकी आदळली, किंवा पंक्चर झालेल्या गाडीचे चाक बदलणाऱ्यांना दुसऱ्या गाडीने धडक दिली. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते की एवढा मोठा ट्रक दिसला कसा नाही, चालक झोपला होता की काय. काही वेळा तसे असतेही. परंतु पूर्ण जागा, शुद्धीवर असलेला आणि बेताच्या वेगाने जाणारा चालकसुद्धा अशा ठिकाणी फसू शकतो, आणि त्याची कारणे समजून घेतली तर मदतीला थांबताना आधी काय करायचे हे आपोआप उलगडते.

मला ते एका अनोळखी माणसामुळे कळले. आषाढातल्या एका रात्री आईला घेऊन मी बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीकडे परतत होतो. घाट उतरून केरीच्या जवळ आलो आणि मागचे डावे चाक बसले. पाऊस कोसळत होता, रस्त्यावर दिवा नव्हता आणि मागे चाळीस-पन्नास पावलांवर एक वळण होते. स्कूटरवरून जाणारे पन्नाशीचे एक गृहस्थ थांबले. ते जॅक लावायला मदत करतील असे मला वाटले, पण त्यांनी गाडीकडे नीट पाहिलेही नाही. "तुम्ही चाक बदला, दादा. मी मागे वळणावर राहतो. घाई करू नका," एवढे बोलून ते स्कूटर घेऊन वळणापलीकडे गेले. रस्त्याच्या कडेची एक तुटलेली फांदी त्यांनी साइडपट्टीवर आडवी टाकली, अंगातल्या पिवळ्या रेनकोटवर मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात खाली-वर करून वेग कमी करायला लावला. स्टेपनी बसवायला मला वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात दोन ट्रक आणि एक बस वळण घेऊन आली, आणि तिन्ही वाहने माझ्याजवळून चालण्याच्या वेगाने गेली.

एवढी मोठी गाडी दिसत कशी नाही?

पहिला हिशेब अंतराचा आहे. अडथळा नजरेस पडल्यापासून गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत ती जेवढी पुढे जाते त्याला थांबण्याचे अंतर म्हणतात, आणि त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग चालकाच्या डोक्यात खर्च होतो, म्हणजे समोर काहीतरी आहे, ते काय आहे, ते हलत नाही, आता ब्रेक दाबायला हवा, हे सगळे कळण्यात. अनपेक्षित गोष्टीसाठी रात्री यात साधारण दोन सेकंद जातात असे धरावे. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पडण्याआधीच ३३ मीटर संपलेले असतात. ओल्या डांबरावर त्यानंतर आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण झाले सत्तरच्या आसपास. वेग ८० असेल तर हाच आकडा शंभराच्या पुढे जातो.

आता डिपरवर ठेवलेल्या हेडलाइटचा उजेड रस्त्यावर उपयोगाचा असा साधारण ४० ते ५० मीटरच पोहोचतो. काळी छत्री धरून किंवा गडद निळा रेनकोट घालून उभा असलेला माणूस त्याहूनही जवळ आल्यावर दिसतो. गाडी थांबायला सत्तर मीटर हवेत आणि माणूस दिसतो तीस-चाळीस मीटरवर, तर उरलेले अंतर कोणाचेही कौशल्य भरून काढू शकत नाही.

दुसरी अडचण नजरेची आहे. रेल्वेच्या फलाटावर उभे राहून समोरून येणारी गाडी पाहिली तर बराच वेळ ती जागच्या जागी असल्यासारखी वाटते, आणि मग एकदम जवळ येते. सरळ समोरच्या वस्तूचा आकार लांबून फार हळू वाढत असल्यामुळे असे होते. रस्त्यावरही तेच घडते. पुढे दोन तांबडे दिवे दिसले की ती गाडी आपल्यासारखीच चालत असणार असे चालक गृहीत धरतो, आणि ती उभी आहे हे त्याला अगदी शेवटी कळते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते. अंधारात कडेला उभ्या असलेल्या माणसाला येणाऱ्या गाडीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात. ती मला एवढी स्पष्ट दिसते, तेव्हा तिच्या चालकालाही मी दिसत असणार, असे त्याचे मन त्याला सांगते. हा समज पूर्ण चुकीचा आहे. दिवा त्या गाडीजवळ आहे, आपल्याजवळ नाही. आपण किती दिसतो याचा अंदाज आपल्या डोळ्यांना घेताच येत नाही, आणि म्हणून चाक बदलणारी माणसे निर्धास्तपणे रस्त्याकडे पाठ करून बसतात.

पावसाळी रात्र जास्त काळी का वाटते?

कोरडे डांबर खरखरीत असते. त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो आणि त्यातला थोडा चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. पाऊस पडला की त्या खरखरीत पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि रस्ता आरशासारखा वागू लागतो. आपल्या हेडलाइटचा उजेड पुढच्या पुढे निघून जातो, तर समोरच्या गाडीचा उजेड त्याच आरशावरून आपल्या डोळ्यांत येतो. पांढरे पट्टे नाहीसे होतात, साइडपट्टी कुठे संपते ते कळत नाही, काचेवरचे थेंब प्रत्येक दिव्याची फुलबाजी करतात. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्याकडे गाड्या बंद पडण्याचे दिवस आणि त्या न दिसण्याचे दिवस हे असे एकच आहेत.

आपण ज्याला ‘रेडियम’ म्हणतो ते काय करते?

ट्रकच्या मागे किंवा सायकलच्या मडगार्डवर लावतात त्या चमकणाऱ्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात, आणि याच नावामुळे एक गैरसमज झाला आहे. जुन्या घड्याळांच्या काट्यांना लावत असलेला रेडियमचा रंग अंधारात स्वतः उजळत असे. ही पट्टी स्वतः उजळत नाही. तिच्यात बारीक काचमणी किंवा त्रिकोणी कोपऱ्यांसारखी रचना असते, आणि तिच्यावर पडलेला प्रकाश ती आला त्याच दिशेने परत पाठवते. कॅरमच्या कोपऱ्याजवळ स्ट्रायकर एका कडेवर आणि लगेच दुसऱ्या कडेवर आपटला तर तो जिकडून आला तिकडेच परत फिरतो. प्रकाशाचेही तसेच होते. साध्या आरशावर तिरका पडलेला प्रकाश भलतीकडे जातो, या पट्टीवरचा मात्र हेडलाइटकडे, म्हणजेच त्याच्या मागे बसलेल्या चालकाच्या डोळ्यांकडे येतो. रस्त्यात बसवलेल्या ‘कॅट आय’ही याच तत्त्वावर चालतात. ब्रिटनच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली त्यांचे पेटंट घेतले होते.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, ही पट्टी हेडलाइट असलेल्यालाच दिसते; दिवा बंद ठेवून आलेल्या सायकलस्वाराला तिचा काही उपयोग नाही, आणि चिखलाने माखलेली पट्टी कोणालाच दिसत नाही. दोन, दिवसा आणि संधिप्रकाशात काम करतो तो वेगळा रंग, म्हणजे रस्त्याच्या कामगारांच्या जॅकेटचा झगझगीत पोपटी किंवा नारिंगी. तो डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, म्हणून ढगाळ संध्याकाळीही उठून दिसतो. रात्री हेडलाइटमध्ये असे किरण जवळजवळ नसल्याने तो साध्या रंगासारखा होतो आणि पट्ट्यांचे काम सुरू होते. चांगल्या जॅकेटवर दोन्ही असतात. फ्रान्समध्ये २००८ पासून असे जॅकेट गाडीत ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, तरी एखादे घेऊन ठेवायला काहीच हरकत नाही. ते डिकीत ठेवू नये, सीटखाली ठेवावे, कारण गाडीतून उतरण्याआधी ते अंगावर चढायला हवे.

पट्ट्या कुठे लावाव्यात यालाही महत्त्व आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की माणसाच्या सांध्यांवर लावलेले केवळ काही प्रकाशबिंदू अंधारात हलताना दिसले, तरी पाहणाऱ्याला तो चालणारा माणूस आहे हे क्षणात ओळखता येते. छातीवरची पट्टी खांबासारखी वाटू शकते; घोट्यांवर आणि मनगटांवर पट्टी असली की ती हलते, आणि चालकाला कळते की पुढे माणूस आहे. आषाढी वारीला गोव्यातून पायी निघणाऱ्या दिंड्यांमध्ये शेवटच्या ओळीतल्या वारकऱ्यांच्या पायांना अशा पट्ट्या बांधल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

त्रिकोण किती मागे ठेवायचा?

चारचाकीसोबत मिळणारा तांबडा त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनातच पडून असतो, आणि जे काढतात ते गाडीच्या मागे पाच-सात पावलांवर ठेवतात. तिथे त्याचा उपयोग नाही, कारण त्रिकोण दिसेपर्यंत गाडीही दिसलेली असते. वर काढलेला सत्तर मीटरचा हिशेब आठवावा. सरळ रस्त्यावर निदान ५० मीटर, म्हणजे साधारण सत्तर पावले मागे जावे; महामार्गावर त्याहून बरेच जास्त. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे नको, पलीकडे हवा, म्हणजे वाहन वळणात शिरण्याआधीच चालकाला तो दिसला पाहिजे. चढ असेल तर चढाच्या माथ्यापलीकडे. दुपदरी रस्त्यावर समोरच्या बाजूनेही इशारा लागतो. नेताना त्रिकोण छातीसमोर उघडून धरावा आणि डांबर सोडून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे.

दगड आणि फांद्यांबद्दल थोडे बोलायला हवे. त्रिकोण नसेल तेव्हा फांदी टाकणे ही आपल्याकडची जुनी आणि उपयोगी खूण आहे, कारण रस्त्यावरची हिरवी फांदी म्हणजे पुढे काहीतरी आहे हे प्रत्येक ट्रकचालक ओळखतो. दगड मात्र टाळावेत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि तासाभराने येणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वाराचा जीव त्यात जातो.

पार्किंग लाइट लावले आहेत, मग पुरे नाही का?

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात त्याला आपण पार्किंग लाइट म्हणतो. ते लावायलाच हवेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. ते वळणाआडून दिसत नाहीत. गाडी विजेच्या बिघाडाने बंद पडली असेल तर ते लागत नाहीत, आणि तासभर चालू ठेवले तर कमजोर बॅटरी उतरते. काही गाड्यांमध्ये मागचे दिवे डिकीच्या दारावरच असतात, त्यामुळे स्टेपनी काढायला दार वर केले की ते आभाळाकडे तोंड करतात. शिवाय मदतीला जमलेली माणसे नेमकी गाडीच्या मागे घोळका करून उभी राहतात आणि स्वतःच्याच पायांनी ते दिवे झाकतात. मुसळधार पावसात चालत्या गाडीचे पार्किंग लाइट लावण्याची जी सवय पडली आहे, तिनेही नुकसान केले आहे, कारण सगळेच लुकलुकू लागले की खरोखर उभी असलेली गाडी कोणती हे मागच्याला ओळखता येत नाही.

आपली गाडी कुठे थांबवायची, माणसांनी कुठे उभे राहायचे?

मदत करणाऱ्याने बंद गाडीला चिकटून मागे थांबू नये. तिचे दिवे आणि त्रिकोण झाकले जातात. जागा असेल तर तिला ओलांडून पुढे, डांबराच्या पूर्ण बाहेर थांबावे आणि कडेने चालत मागे यावे. विरुद्ध बाजूला, बंद गाडीच्या अगदी समोर थांबणे सर्वांत वाईट. तसे केले की रस्ता दोन्हीकडून आवळला जातो. उजेड हवा म्हणून आपला हेडलाइट तिकडे रोखला तर येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला चाक बदलणारा माणूस दिसतच नाही.

बसायला गाडी कोरडी वाटते म्हणून मुलाबाळांना आत ठेवले जाते. साधारण नियम उलटा आहे: सगळ्यांनी डाव्या दाराने उतरावे, रस्त्यापासून दूर जावे, शक्य असेल तर लोखंडी कठड्याच्या पलीकडे. बंद गाडीच्या पुढे उभे राहू नये, कारण मागून धडक बसली की ती पुढेच ढकलली जाते. थोडे मागे आणि बाजूला राहावे. पण गोव्यात हा नियम जागा पाहून लावावा लागतो. करमल घाटात किंवा अनमोड घाटात कठड्यापलीकडे दरी असू शकते आणि डोंगराच्या बाजूला पावसात दरड सुटते. मांडवी किंवा जुवारी नदीवरच्या पुलांवर बाजूला सरकायला जागाच नसते. तिथे सुरक्षित चालत बाहेर पडता येत नसेल तर दिवे लावून, पट्टा बांधून आत बसणे आणि लगेच ११२ला फोन करणे बरे. त्याहून चांगला उपाय गाडी पूर्ण बंद पडण्याआधीचा आहे. टायर बसला असला तरी गाडी सावकाश रेटत पुढच्या रुंद जागेपर्यंत, पेट्रोलपंपापर्यंत किंवा उजेडात न्यावी. टायर फाटेल, रिमही वाकेल, तरी ते दोन्ही बाजारात मिळतात.

थांबलो आणि पोलिसांच्या भानगडीत अडकलो तर?

ही भीती जुनी आहे आणि ती निराधार नव्हती. म्हणूनच कायदा बदलला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यात ‘गुड समॅरिटन’ हा शब्द आहे. अपघाताच्या जागी कोणत्याही मोबदल्याच्या अपेक्षेविना, चांगल्या हेतूने आणि स्वेच्छेने मदत करणारा, असा त्याचा अर्थ. अशा माणसाच्या हातून मदत करताना चूक होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२०च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वखुशीने साक्षीदार झाला तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या जागी आणि एकाच बैठकीत घ्यायचा असतो.

रुग्णालय पैसे मागेल ही दुसरी भीती. जखमीला आणणाऱ्याकडून उपचाराचे पैसे मागता येत नाहीत, आणि २०२५च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ‘राहवीर’ योजनेखाली २५ हजार रुपयांचे पारितोषिकही २०२५ साली जाहीर झाले. मान किंवा पाठ दुखावलेली दिसत असेल, तर आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका असल्याखेरीज जखमीला हलवू नये आणि १०८ची रुग्णवाहिका बोलवावी.

हे संरक्षण अपघातासाठी आहे. नुसते पंक्चर किंवा तापलेले इंजिन असेल तर पोलिसांचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तिथे थांबायला कायद्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

थांबणेच धोक्याचे वाटले तर?

एकट्या स्त्रीला, रात्री, निर्मनुष्य रस्त्यावर थांबावेसे वाटत नसेल तर तिचे बरोबर आहे, आणि तिने अपराधी वाटून घेऊ नये. गाडी बंद पडल्याचे सोंग करून लुटण्याचे प्रकार देशात घडलेले आहेत. न थांबताही मदत करता येते. वेग कमी करावा, काच दोन बोटे खाली करून विचारावे, आणि पुढे सुरक्षित जागी जाऊन ११२ला कळवावे; राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांकही आहे. सांगताना "पेडण्याच्या आसपास" एवढेच सांगू नये. रस्ता कोणता, तोंड कोणत्या दिशेला, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचे देऊळ किंवा चॅपेल, आणि गाडी डांबरावर आहे की बाहेर, हे सांगितले तर पथक सरळ तिथे पोहोचते. पुढच्या चौकीवर, पंपावर किंवा तिठ्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकल पायलटला, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून माणसे नेणाऱ्याला, सांगितले तरी चालते, कारण जवळचा गॅरेजवाला कुठे राहतो हे त्याला ठाऊक असते. भाड्याच्या काळ्या पाटीच्या गाडीत अडकलेल्या पर्यटकाला तर आपण नेमके कुठे आहोत हेही माहीत नसते. त्याला जागेचे नाव सांगणे हीच मोठी मदत होते.

निघताना

काम झाले की सगळे एकदम गाडीत बसतात, आणि इथेच पुन्हा धोका असतो. आधी हत्यारे आणि पंक्चर झालेले चाक डिकीत टाकावे, इंजिन सुरू करून पाहावे, माणसे बसवावीत. मागचा इशारा तोवर तसाच राहू द्यावा. त्रिकोण सर्वांत शेवटी उचलावा आणि जाताना जसे गेलो तसेच, डांबराच्या बाहेरून परत यावे.

त्या रात्री केरीजवळ मी जॅक काढून डिकी लावली आणि वळणाकडे टॉर्च हलवला. ते गृहस्थ लगेच आले नाहीत. माझी गाडी सुरू होऊन दिवे लागलेले त्यांनी पाहिले, मग फांदी उचलून गटारापलीकडच्या झुडपात टाकली, रस्त्यावर पसरलेली पाने पायाने बाजूला केली आणि स्कूटरला किक मारली.